येथे जाहिराती बंद करून मिळतील

१२ जानेवारी, पलूस

पतसंस्थेनं आप्पांना डायरी दिली, आप्पांनी ती माझ्याकडं फेकली. म्हणाले, "लिही त्यात, रोज काय दिवे लावतोस ते." आप्पा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, त्यांना घरातसुद्धा सगळ्याचा रिपोर्ट लागतो. दाखवणार नाही, पण लिहितो.

तर रिपोर्ट असा की धंदा चालू झाला. बाजाराच्या कडेला टेबल, एक स्टूल, एक भोंगा आणि मागं फ्लेक्स : "येथे मोबाईलवरील जाहिराती बंद करून मिळतील". फ्लेक्सवाल्यानं कोपऱ्यात स्वतःची जाहिरात छापून घेतली, ती मला बांधताना दिसली. हसणारे आधी त्यालाच हसतात.

काम सोपं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये एक पत्ता टाकायचा, मग फोन जाहिरातवाल्यांच्या दारातच जात नाही. शिवाय एक ब्राउझर टाकून देतो, त्यात व्हिडिओ बघितला तर मध्ये कुणी तडमडत नाही. दोन्ही गोष्टी फुकटच मिळतात, पण लोकांना कुठं माहीत असतं. हे मी पप्पूच्या दुकानात शिकलो. पप्पूचं कडेगावात मोबाईलचं दुकान आहे. त्याच्या आधी गोव्यात वेटर होतो, हुबळीला ढाब्यावर, तासगावला द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन सांभाळायला, मग नारळपाणी. बारावी दोनदा दिली ती वेगळीच. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नाही, मला एका जागी बसलं की मुंग्या येतात.

आज भोंग्यावर ओरडायला एक वाक्य जमलं : "जाहिरात उगाच येत न्हाई मंडळी! तुमी जे बघता, तेच तुमच्या मागं लागतंय! गुडघ्याचं तेल एकदा बघा, तेलवाला म्हैनाभर पाठ सोडत न्हाई!" लय चाललं. शेजारचा भेळवालासुद्धा हसला आणि फोन घेऊन आला.

१८ जानेवारी, कोयनानगर

अक्काला भेटायला आलोय. घाटात हेळवाकच्या पुढं एका वळणावर माकडानं पावाची पिशवी नेली. मी गाडी लावून त्याच्या मागं किती वेळ गेलो. पाव मिळाले नाहीत, पण वरनं धरणाचं पाणी काय दिसतं! तिथंच बसून राहिलो. त्यामुळं अक्काकडं पोचायला जेवणवेळ टळून गेली.

राजेश्वरी म्हणजे माझी अक्का. कडेगावात दिली आहे. पृथ्वीराज दाजींचा ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याची वाहतूक, सगळं जोरात. दिवाळी झाल्यावर एक दिवस पहाटे अक्कानं मला बोलावलं, म्हणाली, "क्रांतीकडं चार दिवस राहून येते, मला सोड. कुणाला बोलू नको." क्रांती तिची कॉलेजची मैत्रीण, नवरा इथं वीजप्रकल्पावर आहे, कॉलनीत क्वार्टर. चार दिवसांचे दोन महिने झाले. घरी कुणाला पत्ता नाही, मला एकट्याला माहीत आहे. आप्पा म्हणतात, रुसवा आहे, निघेल. मलाही तसंच वाटतं. दाजी तापट आहेत, पण मन मोठं. ही गाडी त्यांनीच दिलेली. जुनी असू दे, पण दिली की.

अक्का वाळली आहे. क्रांतीच्या मशीनवर शेजारणींचे ब्लाउज शिवते. डाव्या हाताची करंगळी आता सरळ होत नाही तिची. उखळात सापडली म्हणते. कडेगावच्या घरात मिक्सर आहे, उखळ कधी आलं कुणास ठाऊक.

मी तिच्या फोनवर जाहिराती बंद करून दिल्या. फोन लग्नातलाच, सिम मात्र नवीन, क्रांतीच्या नावावर. लग्नात दाजींनी दोन फोन घेतलेले, दोघांचेही मीच चालू करून दिलेले. पप्पूची शिकवण : एका घराला एकच जीमेल. म्हणजे पासवर्ड विसरायची भानगड नाही. सगळ्या तालुक्याचे पासवर्ड पप्पूला तोंडपाठ आहेत, गावाचं नाव आणि पुढं एकदोनतीन.

अक्का बघत होती. म्हणाली, "आता मी जे शोधतेय ते कुणाला दिसणार न्हाई ना?"

"न्हाई."

"फोन बंद केला तर?"

"तर काय?"

"तर मी कुठं हाय ते दिसतं का?"

"अगं अक्का, तू काय अतिरेकी हायस व्हय?" मी म्हणालो. क्रांती हसली. अक्का हसली नाही. तिनं काय शोधलंय ते मी बघितलं : जुनं शिलाई मशीन, पाटणला खोली भाड्यानं, कोयनेचं हवामान, कराडची वकील बाई. वकील बहुतेक क्रांतीला पाहिजे असेल, त्यांच्या प्लॉटची काहीतरी कटकट आहे.

चहा घेताना भांडी वाजली. जरासाच धक्का होता, इथं होतात. क्रांतीनं कपसुद्धा खाली ठेवला नाही. "रोजचंच हाय," म्हणाली. पण तेवढ्यात अक्काचा फोन थरथरला आणि अक्का भिंतीला टेकली. कंपनीचा मेसेज होता.

निघताना म्हणाली, "पोचलास की रिंग दे." आमच्या घरचा नियम. आप्पा फौजेत असताना बूथवरनं एक रिंग देऊन कट करायचे, की समजायचं, पोचले. अजून आम्ही तेच करतो.

२३ जानेवारी, पलूस

दाजी आले होते. आईसाठी गुऱ्हाळावरची काकवी आणली. आईच्या पाया पडले. आई पदराला डोळे पुसत म्हणाली, "पोरीला माझ्या अक्कल न्हाई हो, जावईबापू." आप्पा पेपर वाचत बसले, पण पान उलटत नव्हते.

दाजी मला अंगणात घेऊन गेले. खांद्यावर हात. "अक्का फोन करती का रं, वीरधवल?"

"न्हाई दाजी."

"आवं पाव्हणं, मी काय तिला खातो काय? घरात बाई न्हाई तर घर कसं दिसतं? लोक विचारत्यात."

मला वाईट वाटलं खरं. तेवढ्यात माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. माझ्याकडं ते नाव सांगणारं ॲप आहे, कोण, कुठलं, सगळं आधीच सांगतं. उचलायच्या आधीच मी म्हणालो, "भिलवडीचा खतवाला." आणि निघालाही तोच. दाजी खुश. म्हणाले, "हे मलाबी टाकून दे." दिलं टाकून.

मग मी बोलता बोलता म्हणालो, "तिकडं थंडी लय हाय ह्या वेळी."

"तिकडं म्हंजी?"

"महाबळेश्वरला. बातम्यात बघितलं."

दाजी हसले. मीही हसलो. काय डोकं चाललं माझं, एका सेकंदात!

आई म्हणाली, एवढा माणूस दारात येतोय. आप्पा म्हणाले, "वीऱ्या, तुझ्या बहिणीची करंगळी कशी मोडली?" मी म्हणालो, उखळात. आप्पांनी पेपर घडी करून ठेवला आणि उसाला पाणी बघायला गेले. वीज रात्रीची आहे. आता दुपारी काय पाणी बघणार?

२५ जानेवारी

काही नाही. तासगावात बेदाणे चाखत फिरलो, टेबल लावलंच नाही.

२७ जानेवारी, कराड स्टँड, दुपार

डायरी मांडीवर आहे, अक्षर सांभाळून घेणे. नाही, कुणी बघायचं नाही हे. लिहिलं की डोकं जागेवर येईल म्हणून लिहितोय. गाडीत पेट्रोल भरलंय, टायर थंड होऊ दे, मग पुढं.

आज कडेगावचा बाजार. टेबल पप्पूच्या दुकानासमोरच लावलं, त्यानं परवानगी दिली. गर्दी चांगली. मी भोंग्यावर चालू, "तुमी जे बघता, तेच तुमच्या मागं लागतंय!" समोर दाजी उभे. मिशीत हसत होते. बरोबर ट्रॅक्टरवरचे दोघं.

"काय पाव्हणं, आमचं बी काम करा की," म्हणून फोन टेबलावर टाकला. "लय वैताग हाय. काय वाट्टेल ते येतंय."

"काय येतंय दाजी?" भोंगा चालूच होता माझा. सगळ्या बाजारानं ऐकलं.

"शिलाई मशीन! व्हिडिओ लावला की ब्लाउजचं कटिंग! ही बाई कात्री घेऊन बसलीय रोज माझ्याम्होरं." लोक हसले. दाजीही हसले. "सकाळी उठलं की कोयनेचं हवामान सांगतंय. मला काय करायचंय कोयनेत? आणि एक कराडची वकील बाई हाय, ती तर पाठच सोडत न्हाई."

मी फोन हातात घेतला होता. पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग शिलाई मशीन डोक्यात गेलं. मग कोयना. मग वकील बाई. एकामागोमाग एक, जिन्यावरनं घागर गडगडत यावी तसं.

एक घर, एक जीमेल. सिम बदललं म्हणून अक्काला वाटलं, सुटली. पण जीमेल तेच, फोन तोच. तिनं जे जे शोधलं ते सगळं इथं येऊन दाजींच्या समोर उभं राहत होतं. आणि तिच्या फोनवर मी जाहिराती बंद करून आलेलो. तिला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. सगळं यांना दिसत होतं. नुसतं उमजलं नव्हतं.

मी सेटिंगमध्ये घुसलो. जाहिराती बंद केल्या. मग खात्यात गेलो, तिथं दोन फोन दिसले. एक हा. दुसऱ्याखाली नाव होतं राजेश्वरी आणि त्याच्या खाली कोयनानगर. तिचा फोन तिथनं काढून टाकता येतो. मी बोट लावलं, त्यानं पासवर्ड विचारला. पासवर्ड मलाच माहीत, मीच टाकलेला. कडेगाव लिहिलं. पुढचं एकदोनतीन लिहायचं होतं.

"वीरधवल." दाजींचा आवाज जवळ आला होता. भोंग्याचं बटण त्यांनीच बंद केलं. "तू मघाशी काय वरडत हुतास?"

"कुठं काय दाजी."

"माणूस जे बघतो, तेच त्येच्या मागं लागतंय. व्हय न्हवं?"

"व्हय. म्हंजी तसं कायबी येतं."

"मग मी शिलाई मशीन कवा बघितलं रं?"

मी म्हणालो, शेजारच्याचं वायफाय असेल. म्हणाले, वायफाय त्यांच्याच घरात हाय, शेजारी त्यांच्यावर जगतात. मी म्हणालो, मग घरातल्या कुणी तरी. आणि तिथंच जीभ चावली.

"घरातल्या कुणी तरी," दाजी सावकाश म्हणाले. मग माझ्या हातातनं फोन काढून घेतला. हिसकावला नाही, काढून घेतला, लहान पोराच्या हातातनं विळा काढून घ्यावा तसा. "ऱ्हाऊ दे. येऊ द्यात जाहिराती. बघू तर खरं, काय काय येतंय ते."

आणि समोरच्या दुकानात गेले. पप्पूकडं. पप्पूला हे सगळं पाच मिनिटांत कळणार. माझ्यापेक्षा त्याला जास्त येतं, मला त्यानंच तर शिकवलं.

मी टेबल, फ्लेक्स, भोंगा, सगळं तिथंच टाकून निघालो. अक्काला फोन लावला, बंद. क्रांतीला लावला, उचलला नाही. निघताना दुकानाच्या काचेतनं बघितलं. पप्पूनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मला आता ते उखळसुद्धा आठवायला लागलंय. आमच्या पलूसच्या घरात उखळ नाही, कडेगावात नाही. मग मी इतके दिवस काय ऐकत होतो? निघतो.

२८ जानेवारी, पाटण, सकाळ

काल ऊन होतं तोवरच पोचलो. वाटेत कुठंही थांबलो नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा.

अक्का दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. तिनं ताट खाली ठेवलं, फोन आणला, माझ्यासमोर धरला.

"हे चालू केलं की त्यास्नी दिसतं?"

"चालू असलं की दिसतं. आता बंद हाय. पण काल दुपारपतुर कुठं हुतं ते दिसतंय."

"म्हंजी ह्यो दरवाजाबी दिसतोय."

"दरवाजा न्हाई, पण कॉलनी दिसंल. अक्का, मी काढून टाकतो खातं. आत्ता, इथंच."

"आणि काढलं की त्यास्नी काय दिसंल?"

"शेवटचं ठिकाण. कोयनानगर."

आतनं क्रांतीच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. क्रांती दारात आली, हातात अर्धा शिवलेला ब्लाउज. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. मला काहीच कळत नव्हतं आणि त्यांना सगळं कळत होतं, असं.

"काढू नको," अक्का म्हणाली. "तू हे घेऊन जा. चालू कर आणि जा. तुला फिरायचंच असतंय न्हवं? फिर की."

"कुठं?"

"जिकडं पाय नेतील तिकडं. आजवर कुणी विचारलंय तुला?"

मी म्हणालो, आणि तू? तर म्हणाली, "ते तुला सांगत न्हाई."

मला लागलं. "अक्का, मी कुणाला सांगणार हाय?"

"तू सांगत न्हाईस रं. तुझ्या तोंडातनं पडतंय." तिनं माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, शाळेत जाताना करायची तशी. "थंडी लय हाय तिकडं म्हणालास, ते आईनं दारातनं ऐकलं आणि क्रांतीच्या आईला सांगितलं. महाबळेश्वर म्हणं!"

पिशवी तिची भरलेलीच होती. बहुतेक रोजच भरलेली असते. क्रांतीनं तिला दुसरी चप्पल दिली. मग त्या दोघी मागच्या बाजूनं गेल्या, मला पुढच्या बाजूनं जायला सांगून. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कुठली एसटी ते कळलं असतं.

घाट उतरल्यावर अक्काचा फोन चालू केला. पाटणला लॉजवर राहिलो. आता कराड, मग मिरज, मग पुढं. भिंगरीला काम मिळालं.

३० जानेवारी, जत

लय फिरलो. मिरजेत अक्काच्या फोनवर शोधलं, "मिरजेत खोली भाड्यानं." कवठेमहांकाळला शोधलं, "कवठेमहांकाळ शिलाई क्लास." इथं आल्यावर "जत महिला वसतिगृह." दाजींच्या फोनवर आता कोयनेचं हवामान जाऊन जतचं येत असेल. मी हसलो एकटाच. मग भीती वाटली, मग परत हसलो. जेवण जात नाही. इथली भाकरी काय सुंदर असते, कडक, पातळ, पापडासारखी, एरवी चार खाल्ल्या असत्या.

टेबल नाही, भोंगा नाही, तरी एका चहाच्या टपरीपुढं बसून दोघांच्या जाहिराती बंद करून दिल्या. एक बनुबाई म्हणून म्हातारी आहे, ओसरीएवढी मोठी छत्री लावून मिरची विकते, निम्मं कानडी बोलते. तिच्या नातवानं फोन दिलाय. तिचं काम केलं. म्हणाली, "तू चांगल्या घरचा दिसतोस, इथं का मरतोयस?" मी म्हणालो, धंदा.

अक्काचा फोन आज तिसऱ्यांदा वाजला. दाजी. नवीन नंबर पप्पूनं खात्यातनं शोधून दिला असणार. मी उचलत नाही. वाजू देतो.

३१ जानेवारी, जत

संपलं. ओठ फुटलाय, बाकी बरा आहे. सविस्तर लिहितो.

मिरचीच्या बाजारात होतो. दाजींची जीप बाजारातच घुसली, लोक शिव्या देत बाजूला झाले. दाजी आणि ते दोघं. दाजींनी हातात फोन धरलेला, आणि त्यात बघत, मान वर न करता, ते सरळ माझ्याकडं चालत आले. कुठंही चुकले नाहीत. मी पळायचं ठरवलं होतं, पण पाय हलेनात. ज्या पायांना कधी बसवत नाही ते.

मान वर केली आणि मी दिसलो. बाकी कुणी नाही, मीच. त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी विसरणार नाही.

"ती कुठाय?"

मी अक्काचा फोन खिशातनं काढला. "फोन माझ्याकडंच हाय की दाजी. दुरुस्तीला दिलेला."

"कवापासनं?"

"अक्का गेली तवापासनं. डिस्प्ले गेला हुता."

"मग कोयना?"

"धरण बघायला गेलतो. माकडानं पाव नेले माझे." हे खरं होतं, त्यामुळं जोरात म्हणालो.

"शिलाई मशीन?"

"धंदा काढायचा विचार हुता."

"तू? ब्लाउज शिवणार?"

"नारळपाणी विकलं, ड्रोन धरला. ब्लाउजला काय झालं?"

बाजार हसला. दाजींच्या बरोबरचा एक तर मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "ह्येचं काय सांगता येत न्हाई बघा. गेल्या साली ह्यो शेळ्या घेणार हुता." माझ्या सगळ्या अर्धवट धंद्यांनी एवढं काम कधी केलं नव्हतं.

पण दाजी हसले नाहीत. त्यांनी माझी कॉलर धरली, त्या दिवशी अक्कानं नीट केली तीच. "आणि वकील? वकील बाई कुणासाठी बघितलीस रं?"

मी बनुबाईच्या छत्रीकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यात मला दिसलं की त्यांना कळत चाललंय. तोंडावर एक बसली. रक्ताची चव आली.

"ए!" बनुबाई छत्रीखालनं उठली. हातात मिरचीचं सूप. "पोराला का मारतोस? वकील वकील काय करतोस? माझ्या फोनवर बी येत हुता, टाय लावून. घटस्फोट घ्या म्हणायचा. मी काय ह्या वयात नवरा सोडू? तो मरून बारा वर्सं झाली!"

आता आख्खा बाजार हसला. तिनं सूप झटकलं, मिरचीची पूड उडाली, दाजी शिंकायला लागले. एक म्हणाला, माझ्याबी फोनवर येतोय. दुसरा म्हणाला, मला तर बायकांचं केसाचं तेल येतंय. दाजींच्या भोवती गर्दी वाढली. कडेगावात दाजींना बघून गर्दी बाजूला होते. हे जत होतं.

दाजींनी कॉलर सोडली. आवाज खाली आणून, दोघांनाच ऐकू येईल असं म्हणाले, "मला एकच खरं सांग. आईची शपथ घे. ती कुठाय?"

"आईची शपथ दाजी. मला माहीत न्हाई."

माझ्या डोळ्यात बघत राहिले. मी पण बघितलं. डोळे हलले नाहीत माझे, कारण मला खरोखर माहीत नव्हतं. अक्कानं मला एवढंच बरोबर दिलं होतं.

त्यांनी अक्काचा फोन घेतला, दगडावर आपटला, बुटानं रगडला. मग गाडीची किल्ली मागितली. दिली. त्यांचा माणूस गाडी घेऊन गेला. जीप गेली. मी मिरचीच्या पोत्यावर बसलो आणि मला शिंका यायला लागल्या, एकावर एक. बनुबाई म्हणाली, "रड की. शिंकतोस कशाला?"

५ फेब्रुवारी, पलूस

एसटीनं घरी आलो तेव्हापासून दाजी इकडं आलेले नाहीत. येतील. आप्पांनी परवा त्यांना फोन करून सांगितलं की आता माझ्याशी बोलायचं, पोराशी नाही. आप्पा उभं राहून बोलत होते.

अक्काला सोडायला मीच गेलो होतो, हे घरी आल्यावर सांगितलं. आई रोज विचारते, "तुला माहीत हाय. तू सोडलंस तिला. कुठाय?" मी सांगतो, नाही माहीत. विश्वास बसत नाही तिचा. क्रांतीलाही मी फोन केलेला नाही.

ते नाव सांगणारं ॲप काल काढून टाकलं. सगळ्यांची नावं त्यात असतात, कुठनं येतात कुणास ठाऊक. आपणच दिलेली असतात.

आज सकाळी आई चहा टाकत होती, मी चुलीपाशी बसलो होतो. फोन ओट्यावर होता. वाजला. अनोळखी नंबर. मी उचलून पटकन पालथा घातला. एक रिंग पुरी झाली. दुसरी झाली नाही.

आई चमचा धरून उभी. आप्पा बाहेरच्या खोलीत होते, त्यांच्या पेपरचा आवाज थांबला.

"कुणाचा रं?"

मी फोन सुलटा केला. नंबरावर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हातानं पुसून टाकला. शेवटचे दोन आकडे अंगठ्याखालनं डोकावत होते, तेही विसरतोय.

"कुणाचा न्हाई," म्हणालो. "कोण तरी पोचलं कुठं तरी."

आईनं चहात साखर दोनदा टाकली. आप्पांनी तो गोड चहा संपवला, आणि कप आत आणून द्यायला स्वतः उठले.